चेहरा ओळखीचा, मागणी अनोळखी : डीपफेक आणि ऑनलाइन फसवणूक कशी ओळखावी

जयपूर : राजस्थानच्या शेखावाटी भागातील झुंझुनू जिल्ह्यातल्या एका रहिवाशाकडून २०२३च्या अखेरीपासून पुढे तीन महिन्यांत ७ कोटी ६७ लाख रुपये काढून घेण्यात आले. दूरध्वनीवर आणि व्हिडिओ कॉलवर निरनिराळ्या तपास यंत्रणांचे अधिकारी म्हणून वावरणाऱ्या भामट्यांनी ही रक्कम एकदम घेतली नाही, तर तब्बल ४२ वेळा पैसे भरायला लावले. राज्य सरकारच्या विनंतीवरून केंद्रीय अन्वेषण विभागाने, म्हणजे सीबीआयने, हे प्रकरण हाती घेतले. एप्रिल २०२५ मध्ये जयपूर, मुंबई, उत्तर प्रदेशातील मुरादाबाद व संभल आणि पश्चिम बंगालमधील कृष्णनगर येथे बारा ठिकाणी झडत्या झाल्या. चौघांना अटक करण्यात आली. त्यांतील दोघे मुंबईतले आणि दोघे मुरादाबादचे होते.

या प्रकरणातील ४२ हा आकडा ७ कोटींच्या आकड्यापेक्षा अधिक विचार करायला लावणारा आहे. बेचाळीस वेळा पैसे पाठवताना त्या व्यक्तीला बेचाळीस वेळा थांबण्याची संधी होती. दर खेपेस समोरच्या पडद्यावरचा ‘अधिकारी’ खरा वाटला, त्याची कागदपत्रे खरी वाटली आणि घरात कोणाला काही सांगायचे नाही हा त्याचा हुकूम पाळला गेला. कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेल्या बनावट चित्रफितींची, म्हणजेच डीपफेकची, आज सर्वत्र चर्चा आहे. परंतु अशा सापळ्याचा पाया त्या तंत्राच्या कितीतरी आधी रचला गेला होता. डीपफेकने त्यावर ओळखीचा चेहरा आणि ओळखीचा आवाज चढवला, एवढेच.

म्हणूनच बनावट व्हिडिओ डोळ्यांनी ओळखण्याची कला शिकण्यापेक्षा, समोरचा माणूस काय मागतो आहे हे तपासण्याची सवय अधिक उपयोगाची ठरते. चेहऱ्याची नक्कल दर महिन्याला सुधारत आहे. मागणीचे स्वरूप मात्र वर्षानुवर्षे तेच आहे : ताबडतोब करा, कोणाला सांगू नका आणि या नव्या खात्यात पैसे टाका.

सोन्याच्या विटेपासून व्हिडिओ कॉलपर्यंत

राजस्थान, हरियाणा आणि उत्तर प्रदेश यांच्या सीमा जिथे एकत्र येतात, त्या मेवात पट्ट्यात ‘टटलू’ नावाची फसवणूक पूर्वीपासून चालत आली आहे. खोदकाम करताना सोन्याची वीट सापडली, सरकारला कळले तर जप्त होईल, म्हणून निम्म्या किमतीत गुपचूप विकायची आहे, असा निरोप दूरच्या एखाद्या व्यापाऱ्याला धाडला जाई. व्यापारी येई, त्याला विटेचा खरा तुकडा तपासायला दिला जाई आणि पैसे घेऊन पितळेची वीट हाती ठेवली जाई. वीट पितळेची निघाली तरी तक्रार करायची सोय नसे, कारण व्यवहारच चोरीछुपे केलेला.

या जुन्या प्रयोगात आजच्या सायबर फसवणुकीचे सगळे घटक आढळतात. लोभ किंवा भीती, घाई, गुप्ततेची अट, विश्वास बसावा म्हणून आधी दाखवलेला खरा नमुना आणि शेवटी लाजेपोटी गप्प बसणारा बळी. स्मार्टफोन आल्यावर हाच पट्टा जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळांकडे वळला. लष्करी जवानाचे बनावट ओळखपत्र दाखवून ‘बदली झाली आहे, गाडी स्वस्तात द्यायची आहे’ असे सांगणाऱ्या जाहिरातींना महाराष्ट्रातलेही ग्राहक बळी पडले आहेत. त्यानंतर अश्लील व्हिडिओ कॉलची खंडणी आली. अनोळखी क्रमांकावरून कॉल येतो, पडद्यावर एक तरुणी दिसते, काही सेकंदांत कॉल बंद होतो आणि मग ध्वनिचित्रमुद्रण नातेवाइकांना पाठवण्याची धमकी मिळते. ती तरुणी बहुतेक वेळा त्या कॉलवर नसतेच. आधीच मुद्रित केलेली चित्रफीत दुसऱ्या फोनवर चालवून ती कॅमेऱ्यापुढे धरलेली असते. कृत्रिम बुद्धिमत्तेचा वाराही न लागलेला हा एक प्रकारचा हातबनावटीचा डीपफेकच होय.

आयआयटी कानपूरच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या फ्यूचर क्राइम रिसर्च फाउंडेशन या संस्थेने २०२३ मध्ये केलेल्या अभ्यासात देशातील सायबर गुन्ह्यांच्या केंद्रांमध्ये भरतपूरचे नाव झारखंडमधील जामताड्याच्याही वर होते. पुढच्या वर्षी भरतपूर परिक्षेत्रात, विशेषतः नव्याने निर्माण झालेल्या डीग जिल्ह्यात, राजस्थान पोलिसांनी ‘ऑपरेशन अँटीव्हायरस’ ही मोहीम राबवली. गावांमध्ये छापे पडले, अटकसत्र झाले. मात्र आता या धंद्याचा गाभा एखाद्या पट्ट्यापुरता उरलेला नाही. म्यानमार, कंबोडिया आणि लाओसमध्ये तटबंदी केलेल्या वसाहतींमधून ही फसवणूक कारखान्यासारखी चालते. नोकरीच्या आमिषाने तिथे गेलेल्या भारतीय तरुणांनाच पुढे फोनवर बसवले जाते. मार्च २०२५ मध्ये अशा केंद्रांतून सुटलेल्या ५४९ भारतीयांना थायलंडमधील माए सोत येथून हवाई दलाच्या विमानांनी मायदेशी आणण्यात आले. फोनवर धमकावणारा आवाज कधीकधी स्वतःच कोणाचा तरी कैदी असतो.

भारतात या वसाहतींना लागतात ती बँक खाती. थोड्याशा कमिशनसाठी आपले खाते, एटीएम कार्ड आणि सिम कार्ड दुसऱ्याला वापरायला देणारे तरुण जयपूर, मुंबई, पुणे अशा शहरांतूनच मिळतात. तपास यंत्रणा अशा खात्यांना ‘म्यूल’ म्हणतात. मराठीत भाड्याचे खाते म्हणणे अधिक नेमके. पोलिस सर्वप्रथम पोहोचतात ते या खातेदाराच्या दारात, आणि ‘मला माहीत नव्हते’ हा बचाव त्याला अटकेपासून वाचवीलच असे नाही.

नक्कल तयार होते कशी

‘डीपफेक’ हा शब्द २०१७च्या सुमारास रूढ झाला. संगणकाच्या ‘डीप लर्निंग’ या शिकण्याच्या पद्धतीतील ‘डीप’ आणि ‘फेक’ म्हणजे बनावट, या दोहोंच्या संयोगातून तो घडला आहे. एका व्यक्तीची अनेक छायाचित्रे आणि चित्रफिती पाहून संगणकीय प्रणाली तिच्या चेहऱ्याची ठेवण, ओठांच्या हालचाली आणि भाव शिकते व ते दुसऱ्याच्या चेहऱ्यावर बसवते. फसवणुकीत मात्र याहून सोपी पद्धत अधिक वापरली जाते. एखाद्या प्रसिद्ध व्यक्तीची खरी मुलाखत घ्यायची, त्यातील आवाज काढून टाकायचा, तिच्याच आवाजाची नक्कल करणारे नवे वाक्य घालायचे आणि त्याबरहुकूम फक्त ओठ हलवायचे. मागची भिंत, सूट, वाहिनीचे बोधचिन्ह सगळे अस्सल असते. खोटे असते ते फक्त तोंडातून निघणारे वाक्य.

आवाजाची नक्कल तर आणखी सोपी झाली आहे. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी जानेवारी २०२३ मध्ये मांडलेली एक प्रणाली अवघ्या तीन सेकंदांच्या नमुन्यावरून आवाजाची नक्कल करू शकत होती. समाजमाध्यमांवर टाकलेली वाढदिवसाची चित्रफीत यासाठी पुरेशी आहे. फोनवर आवाज तसाही दबलेला, खरखरीत ऐकू येतो. त्यामुळे नकलेतील उणिवा झाकल्या जातात.

हे तंत्र गुन्हेगारांचीच मक्तेदारी नाही. पुष्कर येथील दिव्येंद्र सिंह जादौन यांच्या संस्थेने २०२३ची राजस्थान विधानसभा निवडणूक आणि २०२४ची लोकसभा निवडणूक यांच्या काळात राजकीय पक्षांसाठी कृत्रिम आवाजाचे व चित्रफितींचे प्रचारसंदेश तयार केले. मतदाराचे नाव घेऊन बोलणारा नेता हा त्यातला एक प्रकार. विरोधकांची बदनामी करणाऱ्या चित्रफिती बनवण्याच्या मागण्याही आल्या आणि त्या आपण नाकारल्या, असे जादौन यांनी प्रसारमाध्यमांना सांगितले आहे. जे काम एका लहान शहरातील मोजक्या माणसांना जमते, ते संघटित टोळ्यांना जमणारच.

ज्यांचे चेहरे वापरले गेले

जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर एका गेमिंग अ‍ॅपची शिफारस करताना दिसले. आपली मुलगी त्यातून रोज कमाई करते, असे ते चित्रफितीत सांगत होते. ही चित्रफीत बनावट असल्याचे तेंडुलकर यांनी स्वतःच १५ जानेवारीला जाहीर केले आणि मुंबई पोलिसांनी गुन्हा नोंदवला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवस्थापकीय संचालक आशिषकुमार चौहान यांच्या तोंडी शेअरच्या शिफारशी घालणाऱ्या चित्रफिती पसरल्या आणि शेअर बाजाराला सावधगिरीचे निवेदन काढावे लागले. नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने तत्कालीन गव्हर्नर शक्तिकांत दास यांच्या अशाच बनावट चित्रफितींविषयी इशारा दिला. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांच्या नावावर झटपट श्रीमंतीची योजना खपवणाऱ्या चित्रफिती पत्र सूचना कार्यालयाच्या सत्यपडताळणी विभागाने वेळोवेळी खोट्या ठरवल्या आहेत. क्रिकेटपटू, शेअर बाजाराचे प्रमुख, मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर, अर्थमंत्री ही निवड विचारपूर्वक केलेली दिसते. ज्यांच्या शब्दावर मध्यमवर्ग पैशाच्या बाबतीत विसंबतो, तेच चेहरे उचलले गेले.

त्याचा परिणामही दिसतो. मुंबईच्या अंधेरी भागातील एका आयुर्वेद डॉक्टरांनी २०२४च्या उन्हाळ्यात इन्स्टाग्रामवर उद्योगपती मुकेश अंबानी यांची एक चित्रफीत पाहिली. तीत एका ट्रेडिंग संस्थेची शिफारस होती. डॉक्टरांनी वेगवेगळ्या बँक खात्यांत मिळून सात लाखांहून अधिक रुपये भरले. संकेतस्थळावर त्यांच्या नावे ३० लाखांचा नफा दिसू लागला. तो काढायला गेल्यावर मात्र एक रुपयाही निघेना. संस्था एक आणि पैसे भरायची खाती अनेक, ही गोष्ट पहिल्याच आठवड्यात संशय यावा अशी होती. पडद्यावरच्या चेहऱ्याने तो संशय झाकला.

ओळखीच्या माणसाचा चेहरा वापरल्याचे देशातील सुरुवातीच्या प्रकरणांपैकी एक जुलै २०२३ मध्ये केरळच्या कोळिकोडमध्ये घडले. एका निवृत्त कर्मचाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर जुन्या सहकाऱ्याचा संदेश आला. आपण दुबईच्या विमानतळावर आहोत, नात्यातील एका महिलेवर भारतात तातडीची शस्त्रक्रिया आहे, ४० हजार रुपये हवेत. खात्री पटावी म्हणून काही सेकंदांचा व्हिडिओ कॉलही झाला आणि सहकाऱ्याचा चेहरा दिसला. पैसे गेले. थोड्याच वेळात पुन्हा ३५ हजारांची मागणी आली, तेव्हा त्यांना शंका आली. त्यांनी मूळ सहकाऱ्याचा क्रमांक मिळवून त्याला फोन केला. सहकारी अर्थातच दुबईत नव्हता. तक्रार वेळेत झाल्याने ती रक्कम महाराष्ट्रातील एका बँक खात्यात सापडली व गोठवता आली.

हाँगकाँगमधील प्रकरण याच जातीचे, पण रकमेने अजस्र. २०२४च्या सुरुवातीला ‘अरूप’ या ब्रिटिश अभियांत्रिकी कंपनीच्या तेथील वित्त कर्मचाऱ्याला मुख्य वित्त अधिकाऱ्याच्या नावाने गुप्त व्यवहाराचा ईमेल आला. त्याला प्रथम संशय आलाही होता. मग व्हिडिओ बैठक झाली, तीत ओळखीचे वरिष्ठ दिसले, बोलले. त्या बैठकीत तो सोडून कोणीही खरे नव्हते. १५ खेपांत पाच खात्यांवर २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले गेले. वाचकाने लक्षात घ्यावे असे इथे काही असेल तर ते हेच की, ईमेल वाचून आलेला रास्त संशय चेहरे पाहून मावळला.

मराठी वाचकाला यात फार नवल वाटू नये. पानिपतानंतर पंधरा वर्षांनी सदाशिवरावभाऊंचा तोतया कोकणात उभा राहिला, तेव्हा चेहरेपट्टीवर विश्वास ठेवून माणसे त्याच्या मागे गेली आणि किल्ले त्याच्या हाती आले. शेवटी १७७६ मध्येच त्याला पुण्यात देहदंड झाला, तो त्याची सविस्तर चौकशी झाल्यावर.

ओळखायचे कसे

चित्रफितीत काही खुणा अजूनही सापडतात. ओठ आणि शब्द यांचा मेळ न बसणे, दात एकसंध पट्टीसारखे दिसणे, मान वळवताना कानाजवळ किंवा हनुवटीच्या कडेला चेहरा विरघळल्यासारखा होणे, चेहऱ्यावरचा प्रकाश आणि मागचा प्रकाश वेगळ्या दिशांचे असणे, बोलण्यात श्वासाचा किंवा अडखळण्याचा मागमूस नसणे. सुरू असलेल्या व्हिडिओ कॉलवर संशय आला तर समोरच्याला पूर्ण बाजूला वळायला किंवा हात चेहऱ्यासमोरून फिरवायला सांगावे. अनेक प्रणाली इथे अडखळतात. पण या खुणा सापडल्या नाहीत म्हणून चित्रफीत खरी, असा उलटा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. मोबाइलच्या लहान पडद्यावर, कमी गतीच्या इंटरनेटवर खरा माणूसही कधीकधी बनावट भासतो आणि बनावट खरा.

त्यापेक्षा भरवशाचा मार्ग म्हणजे कॉल बंद करून स्वतःकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर परत फोन करणे. समोरच्याने दिलेल्या क्रमांकावर नव्हे. कोळिकोडच्या गृहस्थांनी दुसऱ्या मागणीनंतर जे केले, ते पहिल्या मागणीच्या वेळी केले असते तर ४० हजारही गेले नसते. दुसरा मार्ग म्हणजे असा प्रश्न, ज्याचे उत्तर समाजमाध्यमांवर मिळत नाही. जुलै २०२४ मध्ये इटलीच्या ‘फेरारी’ कंपनीतील एका अधिकाऱ्याला मुख्याधिकाऱ्याच्या हुबेहूब आवाजात फोन आला. त्याने एवढेच विचारले, ‘‘परवा तुम्ही मला कोणते पुस्तक वाचायला सांगितले होते?’’ फोन तत्काळ बंद झाला. घरातही असा एखादा परवलीचा शब्द ठरवून ठेवता येतो. मुले परगावी शिकत असतील किंवा आईवडील एकटे राहत असतील तर जरूर ठरवावा.

गुंतवणुकीच्या फसवणुकीत ओळखण्याची जागा वेगळी आहे. जाहिरातीतून व्हॉट्सअ‍ॅप किंवा टेलिग्रामच्या समूहात ओढले जाते. तिथे ‘नफा झाला’ म्हणून रोज आनंद व्यक्त करणारे बहुतेक सदस्य त्याच टोळीचे असतात. एक अ‍ॅप उतरवून घ्यायला सांगितले जाते. सुरुवातीला दोन-पाच हजार रुपये परतही मिळतात. टटलूतील तपासायला दिलेला सोन्याचा खरा तुकडा तो हाच. मोठी रक्कम अडकली की ती काढण्यासाठी आधी कर भरा, शुल्क भरा, असा तगादा सुरू होतो. स्वतःचे पैसे मिळवण्यासाठी आणखी पैसे भरावे लागत असतील, तर ते पैसे आधीच गेलेले आहेत असे समजावे. सेबीने १ ऑक्टोबर २०२५ पासून नोंदणीकृत मध्यस्थांसाठी ‘व्हॅलिड’ हा शब्द असलेला यूपीआय पत्ता उपलब्ध केला आहे आणि ‘सेबी चेक’ या सुविधेत तो पत्ता किंवा बँक खाते तपासता येते. व्यक्तीच्या खासगी खात्यात पैसे मागणारा ‘दलाल’ या एका तपासणीत उघडा पडतो.

यूपीआयबाबत एक साधा नियम अजूनही अनेकांना ठाऊक नाही. पैसे मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही आणि क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. दोन्ही गोष्टी पैसे देण्यासाठीच असतात. तसेच वाहतूक दंडाची पावती, लग्नपत्रिका किंवा सरकारी योजनेच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी एपीके फाइल उघडू नये. ती फाइल म्हणजे प्रत्यक्षात एक अ‍ॅप असते आणि बँकेचे ओटीपी परस्पर वाचते.

बँकांच्या बाबतीत दोन बदल ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे ‘बँक डॉट इन’ या राखीव नामावलीत न्यायची होती. त्यामुळे पत्त्याच्या शेवटी ही अक्षरे नसतील तर थांबावे. आणि बँकांनी ग्राहकांना व्यवहारासंबंधी करावयाचे फोन ‘१६००’ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून करायचे आहेत. दहा आकडी साध्या मोबाइलवरून ‘बँकेतून बोलतोय’ असे कोणी म्हणाला, तर फोन ठेवण्यात काहीही असभ्य नाही.

‘डिजिटल अटक’ कायद्यात नाही

ज्या प्रकाराने झुंझुनूतील कुटुंबाची आयुष्यभराची पुंजी नेली, त्याची व्याप्ती सरकारी आकड्यांतून कळते. डिजिटल अटक आणि त्यासंबंधीच्या गुन्ह्यांची २०२४ मध्ये राष्ट्रीय पोर्टलवर १,२३,६७२ प्रकरणे नोंदवली गेली आणि त्यांत १,९३५ कोटी रुपये गेले, असे गृह मंत्रालयाने संसदेत सांगितले. सर्व प्रकारच्या सायबर फसवणुकीत त्या एका वर्षात देशाने गमावलेली रक्कम २२,८४५ कोटी रुपये होती. आदल्या वर्षी ती ७,४६५ कोटी होती. यात शिकलेली माणसे फसतात याचे अनेकांना आश्चर्य वाटते. प्रत्यक्षात कायद्याला मान देणारी, नोटीस आली तर घाबरणारी माणसेच यासाठी निवडली जातात. ऑगस्ट २०२४ मध्ये लुधियानाचे ज्येष्ठ उद्योगपती, वर्धमान समूहाचे एस. पी. ओसवाल यांच्याकडून ७ कोटी रुपये उकळताना भामट्यांनी चक्क सर्वोच्च न्यायालयाची ऑनलाइन सुनावणी उभी केली आणि तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या नावाने आदेशही काढला. पोलिसांनी त्यातील ५ कोटी २५ लाख रुपये परत मिळवले.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार अटक करणाऱ्या पोलिस अधिकाऱ्याने आपले नाव स्पष्ट दिसेल असे लावलेले असले पाहिजे, अटकेचा पंचनामा साक्षीदाराच्या सहीने झाला पाहिजे आणि अटकेची माहिती नातेवाइकाला दिली पाहिजे. ‘घरात कोणाला सांगू नका’ हे वाक्य म्हणूनच कायद्याच्या नेमके उलट आहे. पोलिसांसमोर हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवरून बजावता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावले आहे. हरियाणातील अंबाला येथील वृद्ध दांपत्याला न्यायालयाचे बनावट आदेश दाखवून लुटल्यानंतर त्याच न्यायालयाने ऑक्टोबरमध्ये स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबर २०२५ रोजी देशभरातील डिजिटल अटकेची प्रकरणे सीबीआयकडे सोपवली. कोणतीही यंत्रणा चौकशीसाठी पैसे ‘पडताळणी खात्यात’ भरायला सांगत नाही. असे खाते रिझर्व्ह बँकेकडे किंवा न्यायालयाकडे अस्तित्वातच नाही.

तोतयेगिरी करून संगणकाद्वारे फसवणूक करणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. दुसऱ्याची डिजिटल ओळख चोरण्यासाठी कलम ६६क आहे. शिवाय भारतीय न्याय संहितेतील फसवणुकीची कलमे लागतातच. जुलै २०२५ मध्ये पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील न्यायालयाने डिजिटल अटकेच्या एका प्रकरणात नऊ जणांना जन्मठेप दिली.

पैसे गेल्यानंतरचा पहिला तास

फसवणूक लक्षात येताच १९३० या क्रमांकावर फोन करावा. हा क्रमांक बँका, पेमेंट अ‍ॅप आणि पोलिस यांना जोडणाऱ्या केंद्र सरकारच्या यंत्रणेचा आहे. चोरलेले पैसे एका भाड्याच्या खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात फिरवले जातात आणि शेवटी एटीएममधून किंवा आभासी चलनात बाहेर पडतात. या साखळीतील एखाद्या खात्यात ते असतानाच तक्रार पोहोचली, तर रक्कम तिथे रोखता येते. जुलै २०२५ पर्यंत या यंत्रणेने १७ लाख ८२ हजारांहून अधिक तक्रारींत मिळून ५,४८९ कोटी रुपये वाचवल्याचे सरकारने सांगितले. गमावलेल्या रकमेच्या मानाने हा वाटा लहान आहे. जे वाचले ते मुख्यतः लवकर कळवल्यामुळे वाचले.

फोन करताना व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, रक्कम, वेळ आणि स्वतःचे बँक खाते हाताशी ठेवावे. त्यानंतर ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ या पोर्टलवर सविस्तर तक्रार भरावी आणि बँकेलाही लेखी कळवून पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाची किंवा बँकेची चूक नसताना झालेला अनधिकृत व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर भार येत नाही. मात्र ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पिन दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा त्याचाच. डीपफेक पाहून स्वतःच्या हाताने पैसे पाठवणारा बहुधा या सवलतीबाहेर राहतो. या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर नियमांत अजून आलेले नाही, हे स्पष्ट सांगायला हवे.

व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषण, क्रमांक, चित्रफिती, बनावट आदेश यांपैकी काहीही पुसून टाकू नये. लाजेपोटी सर्वप्रथम तेच केले जाते आणि पुरावा जातो. अश्लील चित्रफितीची धमकी असेल तर पैसे देऊ नयेत. एकदा दिले की मागणी वाढत जाते. पैसे गेलेले नसले तरी संशयास्पद फोन वा संदेश दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवरील ‘चक्षू’ सुविधेत नोंदवता येतो. आपल्या नावावर किती सिम कार्डे चालू आहेत हेही त्याच पोर्टलवर कळते, आणि अनोळखी क्रमांक आढळला तर तो बंद करण्याची विनंती करता येते.

तक्रार केल्यावर काही दिवसांनी आणखी एक फोन येण्याची शक्यता असते. बोलणारा स्वतःला सायबर तज्ज्ञ, वकील किंवा पोलिस म्हणवतो. त्याला गेलेली रक्कम नेमकी माहीत असते. ती परत मिळवून देण्यासाठी तो थोडेसे शुल्क मागतो. फसलेल्यांच्या याद्या टोळ्यांमध्ये विकल्या जातात आणि हा फोन त्याच यादीतून आलेला असतो. गोठवलेली रक्कम परत मिळण्याचा मार्ग अधिकृत तक्रार प्रक्रियेतूनच जातो. त्यासाठी तक्रारीचा पोच क्रमांक घेऊन आपल्या जिल्ह्याच्या सायबर पोलिस ठाण्यात जावे.